नोंदवहीत न सापडणारे आजार

कंबर भरून येते, अंगात ताकद नाही, टॉनिक लिहून द्या, अशी मागणी करणाऱ्या भगिनी प्रत्येक जनरल प्रॅक्टिशनरकडे रोज येतात. अंगावरून पांढरे जाते, हे त्यातल्या फार थोड्या सांगतात. सोबत सासू असते, समोर पुरुष डॉक्टर. नोंदवहीत 'अशक्तपणा' एवढेच लिहिले जाते. मग अशा नोंदींवरून शासनाने आरोग्याचे धोरण ठरवले, तर या आजारांना त्यात जागा कुठून मिळणार?

म्हणूनच दवाखान्याबाहेर पडून, घरोघरी जाऊन केलेली पाहणी महत्त्वाची. गडचिरोली जिल्ह्यातील वसा व अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा गुप्तरोग होता, तोही सरासरी एकीला तीन ते चार! पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. तक्रार निम्म्याहून थोड्या अधिक जणींचीच होती; बाकीच्यांना आपल्याला काही झाले आहे याची कल्पनाही नव्हती.

त्या काळी गावातल्या स्त्रीकडे सरकारी यंत्रणा दोनच कारणांसाठी पाहत असे: बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियांचे 'टार्गेट' पुरे करताना नर्सबाईंची काय दमछाक होई, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. या व अशा इतर अभ्यासांनी, स्त्री संघटनांच्या रेट्याने आणि १९९४ च्या कैरो येथील लोकसंख्या परिषदेने हा दृष्टिकोन बदलला. एप्रिल १९९६ मध्ये देशभरातील टार्गेट पद्धत रद्द झाली. ऑक्टोबर १९९७ मध्ये प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि त्यात जननमार्गाच्या जंतुसंसर्गावरील उपचारांचा समावेश झाला. एकट्या गडचिरोलीच्या अभ्यासाने हे घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण आकडे हाती नसते तर केवळ भाषणांनी काम भागले नसते, असे मला वाटते.

कागदावर उपचार आले, संकोच मात्र अजून घरोघरी आहे. पांढऱ्या पाण्याला दुर्गंधी असेल, खाज सुटत असेल, ओटीपोटात दुखत असेल किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर अंगावर काढू नका. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. जंतुसंसर्ग लैंगिक संबंधातून झालेला असल्यास पतीनेही औषध घ्यावे लागते.