पेशींची वाढ थांबली, म्हणजे औषध सापडलं का?

विषय मोठा आहे, म्हणून आज एकच प्रश्न धरून बोलतो. अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या प्रयोगशाळेत धातूचं एक नवं संयुग तयार झालं. तपासणीत त्याने कॅन्सरच्या पेशींची वाढ थांबवली. मग औषध सापडलं, असं म्हणायचं का?

आधी हे पाहू की कॅन्सरसाठी धातूकडे लोक वळलेच कसे. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि नुसतेच लांब लांब वाढत गेले. शोध घेतल्यावर कळलं की हे विजेचं काम नव्हतं. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून द्रावणात उतरलेल्या संयुगांचं ते काम होतं. त्यांतूनच सिसप्लॅटिन पुढे आलं. हे संयुग इटलीच्या पेरोने यांनी १८४० च्या दशकातच बनवलं होतं, पण सव्वाशे वर्षं त्याचा हा गुण कोणाला ठाऊक नव्हता. १९७८ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली आणि वृषणाचा पसरलेला कॅन्सरही बरा होऊ लागला.

ते काम कसं करतं? त्यात प्लॅटिनमला दोन क्लोरीन आणि दोन अमोनिया जोडलेले असतात. रक्तात क्लोराइड भरपूर, म्हणून क्लोरीन जागेवर राहतात. पेशीच्या आत क्लोराइड कमी, तिथे ते सुटतात आणि प्लॅटिनम थेट डीएनएला चिकटतं. डीएनए वाकतो, पेशीला विभागता येत नाही. पण किंमतही आहे: मूत्रपिंडाला इजा, जोराच्या उलट्या, ऐकू कमी येणं. म्हणून तांबे, जस्त, कोबाल्ट, रुथेनियम अशा दुसऱ्या धातूंचा शोध जगभर चालू आहे.

आता आपल्याकडे या. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठात आणि आपल्या भागातल्या कॉलेजांत शिफ बेसची कॉम्प्लेक्सेस करण्याची चांगली परंपरा आहे. अल्डिहाइड आणि अमाइन अल्कोहोलमध्ये उकळायचे, शिफ बेस मिळतो. त्यात धातूचा क्षार घातला की रंगीत कॉम्प्लेक्स खाली बसतं. यासाठी फार महागडी उपकरणं लागत नाहीत. कॅन्सरच्या पेशी वाढवणं मात्र प्रत्येक कॉलेजला जमणारं नाही. त्यासाठी टाटा मेमोरियल सेंटरची खारघरला अॅक्ट्रेक ही संस्था आहे. तिथे कॅन्सररोधक संयुगं तपासण्याची सोय आहे आणि देशभरातून तिथे नमुने जातात.

तिथे काय होतं बघा. ९६ खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये पेशी वाढवतात. वेगवेगळ्या मात्रेत संयुग घालतात, दोन दिवस ठेवतात. मग पेशी जागीच पक्क्या करून एसआरबी नावाचा गुलाबी रंग घालतात. तो प्रथिनांना चिकटतो. रंग जितका गडद, तितक्या पेशी जास्त. ज्या मात्रेला वाढ निम्मी होते, ती जीआय ५०. शुद्ध संयुगाचा हा आकडा मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा कमी आला तर संयुग सक्रिय मानतात. सोबत अॅड्रियामायसिन हे माहीत असलेलं औषध तुलनेसाठी लावलेलं असतं.

समजा आकडा ८ आला. आनंद करा, पण तीन गोष्टी विचारा.

पहिली: निरोगी पेशींचं काय झालं? तणनाशकाने तण मेलं आणि पऱ्हाटीही जळाली, तर शेतकरी ते दुसऱ्यांदा आणणार नाही. इथेही तसंच. निरोगी पेशींची प्लेट शेजारी लावलेली नसेल, तर उत्तर अर्धंच आहे.

दुसरी: काम कोणी केलं? तांब्याचा साधा क्षारही पेशींना विषारी असतो. म्हणून नुसता लिगँड, नुसता धातूचा क्षार आणि नुसतं विद्रावक हेही वेगवेगळे तपासावे लागतात.

तिसरी: प्लेटमध्ये आपण बनवलेलं संयुगच होतं का? बरीच कॉम्प्लेक्सेस पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून डीएमएसओ वापरतात. पण डीएमएसओ स्वतःच धातूला जोडला जाऊ शकतो. सिसप्लॅटिन त्यात ठेवलं तर त्याचा प्रभाव जातो. म्हणून द्रावण काही तासांनी पुन्हा तपासायचं.

एवढं पार पडलं तरी पुढे प्राणी, मग माणसांवरच्या टप्प्याटप्प्याच्या चाचण्या. बहुतेक संयुगं वाटेतच गळतात. गळालेल्याची नोंद नीट ठेवली, तर पुढचा विद्यार्थी तीच वाट पुन्हा तुडवत नाही.

हे सगळं सांगण्याचं कारण रुग्ण आहेत. 'कॅन्सरवर औषध सापडले' असा मथळा वाचून कोणाच्या घरी चालू उपचार थांबले, तर नुकसान भरून येत नाही. म्हणून प्रबंधात आणि पेपरवाल्यांशी बोलताना एवढंच म्हणा: 'या संयुगाने प्रयोगशाळेत या पेशींची वाढ रोखली.' वाक्य छोटं आहे, पण खरं आहे.

आता प्रश्न विचारा.