खुडूक कोंबडी आणि तिची रवण

सकाळी खुराड्याचे दार उघडताच सगळ्या कोंबड्या अंगणाकडे धाव घेतात, पण एखादी आत अंग फुलवून तशीच बसून राहते. हात जवळ नेला तर पिसे पिंजारते, घशातल्या घशात गुरगुरते, प्रसंगी चोचही मारते. कोंबडी खुडूक झाली, असे घरची म्हातारी तत्काळ सांगते. निपाणी-चिकोडीकडच्या वस्त्यांत कानडी शेजारीण त्याच उबेला ‘कावु’ म्हणते. बोली वेगळी असली तरी दोन्ही घरांपुढचा प्रश्न एकच असतो : जमलेली अंडी बाजारात न्यावयाची, की तिच्याखाली ठेवावयाची?

हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही. तंबाखूचा वा उसाचा पैसा घरधन्याच्या हाती येतो व तो येण्यापूर्वीच त्याच्या वाटण्या झालेल्या असतात. अंडी-कोंबड्यांचा पैसा मात्र बहुधा घरच्या बाईच्या गाठीला राहतो, आणि मुलाच्या वह्या, औषधाची बाटली, माहेरची वाट या गोष्टी त्यातूनच निघतात. म्हणून बारा अंड्यांतून दहा पिल्ले निघाली आणि दोन महिन्यांनी त्यांतली तीनच उरली, की तो तोटा तिच्या एकटीचा असतो. अशा वेळी दोष कोंबडीला दिला जातो. वास्तविक कोंबडीने आपले काम चोख केलेले असते. नुकसान होते ते पिल्ले बाहेर पडल्यानंतर.

गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि थांबते. तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचा स्राव वाढतो, अंडी घालणे बंद होते आणि बसण्याची ओढ लागते. पोटाखाली अंड्यांचा स्पर्श होत राहिला की तो स्राव टिकून राहतो. ही ओढ मोडण्यासाठी काही ठिकाणी कोंबडीला पाण्यात बुचकळतात, कोठे नाकपुडीतून पीसही ओवतात. हा दुसरा प्रकार निव्वळ क्रूरपणाचा होय. ज्यांना पिल्ले नकोत त्यांनी तिला तीन-चार दिवस अंथरूण नसलेल्या, खालून वारा खेळणाऱ्या पिंजऱ्यात दाणापाणी देऊन ठेवले तरी पुरते.

अंडी निरनिराळ्या दिवशी घातलेली असूनही पिल्ले एकदमच कशी निघतात, याचे पुष्कळांना नवल वाटते. त्याचे कारण असे की घातलेले अंडे गार जागी राहिले तर त्यातील जिवाची वाढ थबकते व ऊब मिळताच पुन्हा सुरू होते. म्हणून रवणीची अंडी चुलीजवळ ठेवू नयेत. गार कोपऱ्यात, निमुळते टोक खाली करून ठेवावी. आठवड्याच्या आतली अंडी उत्तम. धुतलेली, तडकलेली किंवा फार मोठी अंडी घेऊ नयेत. अर्थात कळपात कोंबडा हवाच. आठ-दहा कोंबड्यांना एक पुरेसा होतो.

‘‘आत्याबाई, किती अंडी ठेवू?’’ असे सुनेने विचारले, तर ‘‘तिच्या पंखाखाली झाकतील तेवढीच’’ हेच उत्तर योग्य होय. गावठी कोंबडीला दहा-बारा अंडी पुरतात. लोभाने अठरा ठेवली तर कडेची आळीपाळीने गार पडतात आणि सगळ्यांचाच नाश होतो. बुट्टीत तळाला राख, तिच्यावर मऊ पेंढा घालून, अंधाऱ्या व निवांत जागी कोंबडी रात्रीच्या वेळी बसवावी. रात्री हलविलेली कोंबडी सहसा बिथरत नाही.

निपाणी भागात पेंढ्याखाली तंबाखूची वाळलेली देठे घालण्याची रीत आहे. ती अडाणीपणाची नव्हे. एकवीस दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीच्या अंगावर उवा व पिसवा माजतात आणि त्या असह्य झाल्या की ती अंडी सोडून उठते. तंबाखूतील निकोटिन कीटकांना मारक असते. परंतु ते विष पिल्लांनाही सोडीत नाही. तेव्हा देठे थोडी आणि तळालाच असावीत व अठराव्या दिवशी काढून टाकावीत. कडुनिंबाचा पाला त्यापेक्षा निर्धोक.

पुढचे सारे कोंबडी जाणते. पोटाकडची उघडी कातडी ती अंड्यांना भिडविते, दिवसातून अनेकदा ती उलटीपालटी करते; नाहीतर वाढता जीव कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटला असता. दिवसातून एकदा ती पंधरा-वीस मिनिटे उठते, खाते, पाणी पिते, विष्ठा टाकते. दाणापाणी जवळ असावे म्हणजे तिला दूर जावे लागत नाही. सातव्या रात्री अंडे विजेरीसमोर धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर जीव धरला. अंडे स्वच्छ पारदर्शक दिसले तर ते काढून घ्यावे, कारण सडलेले अंडे फुटले की शेजारची खराब होतात. यंत्रात हीच ऊब साडेसदतीस ते अडतीस अंश सेल्सियसवर राखण्यासाठी केवढा खटाटोप करावा लागतो! इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांतून हजारो अंडी उबविण्याची विद्या फार पुरातन आहे आणि अठराव्या शतकात फ्रान्समधील शास्त्रज्ञ रेओम्युर याने तिचा अभ्यास केला होता. वाडीवस्तीवरची कोंबडी मात्र तापमापकावाचून ते काम करते.

विसाव्या दिवशी अंड्यातून चिवचिव ऐकू येते आणि आई हलक्या आवाजात तिला ओ देते. या वेळी कवच सोलण्याचा मोह आवरावा. आतल्या पडद्यात अद्याप रक्त असते. निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा उरलेला अंश असल्यामुळे पहिले दोन दिवस दाणा नसला तरी ते तगते. म्हणूनच मागाहून फुटणाऱ्या अंड्यांसाठी आई खुशाल बसून राहू शकते.

खरी कसोटी येथून पुढची. घार, कावळा, मांजर, मुंगूस हे शत्रू उघड दिसतात. पहिले तीन आठवडे आईला पिल्लांसह डालग्याखाली ठेवले, तांदळाची कणी, भरडलेला मका, जमल्यास वाळवी आणि खडे घातलेल्या उथळ परळात पाणी दिले, तर त्यांच्यापासून बचाव होतो. खडे अशासाठी की पिल्लू पाण्यात बुडू नये. खानापूरकडच्या पावसात ओल धरलेल्या जमिनीवर रक्ती हगवण लागते. तेथे रवण दिवाळीनंतरच घालावी हे बरे. निपाणीकडेही तोच हंगाम चांगला. सुगीचा सांडलेला दाणा आयताच मिळतो.

मानमोडी मात्र अंगण राखून टळत नाही. १९२० नंतरच्या दशकात कुमाऊँतील राणीखेत येथे आढळल्यामुळे आपल्या देशात तिला राणीखेत रोग म्हणतात. एकदा शिरली की आठवड्यात गल्लीतली खुराडी ओस पडतात व औषध चालत नाही. लस मात्र आहे. सातव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब लासोटा आणि आठव्या आठवड्यात टोचणी, एवढ्याने पिल्लू बहुतांशी सुरक्षित होते. अडचण लशीच्या बाटलीची आहे. एका बाटलीत शंभर किंवा अधिक पिल्लांपुरती लस असते, ती बर्फात आणावी लागते आणि कालविल्यावर दोनएक तासांत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी ती आणावी तर परवडत नाही, न आणावी तर पिल्ले जातात.

यावर उपाय कोंबडीच्या स्वभावातच सापडतो. अंडी आठवडाभर थांबू शकतात आणि खुडूक कोंबडीही दोन-चार अंड्यांवर तितके दिवस बसवून ठेवता येते. मग गल्लीतल्या आठ-दहा बायांनी ठरवून एकाच दिवशी ताजी अंडी मांडली, तर एकविसाव्या दिवशी सर्वांघरची पिल्ले बरोबरच निघतील, आणि एका सकाळी एकच बाटली जनावरांच्या दवाखान्यातून आणून तासाभरात सर्वांना थेंब देता येईल. कोणाकडे पिल्ले कमी निघाली तर शेजारणीची चार त्याच रात्री तिच्या कोंबडीच्या पंखाखाली सरकविता येतील. समवयाची असली तर ती सहसा ओळखत नाही. बंगळूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तयार झालेल्या गिरिराज जातीची विकत आणलेली एक दिवसाची पिल्लेही अशीच वाढविता येतात. ती जात अंडी पुष्कळ देते, पण सहसा खुडूक होत नाही.

दीड-दोन महिन्यांनी आईच पिल्लांना टोचून दूर पिटाळू लागते. तोच सुमार दुसऱ्या टोचणीचा. त्यानंतर थोड्याच दिवसांत बुट्टीत पुन्हा पहिले अंडे दिसते.