आई ऊसतोडीला, पोरं आजीपाशी

दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आई-वडील कारखान्याच्या कोपीवर आणि पोरं आजीपाशी. पाच-सहा महिने घर असं दोन जागी असतं.

पोर रडलं की आपण म्हणतो, "गप बस, मोठा झालास आता!" अशानं पोरं खंबीर होतात, असं आम्हीही समजत होतो. पण दाबलेलं रडू जिरत नाही. कधी ते पोटदुखी होऊन येतं, कधी शाळेला नाही म्हणतं.

मग पोरांना बळ येतं कशानं? हवाई बेटांमधल्या कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची अनेक वर्षं अभ्यास केला. गरिबी, घरातली भांडणं, आई-बापाचं व्यसन किंवा आजार अशा अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे तिसरा हिस्सा चांगल्या वाटेला लागला. त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. त्यांना जीव लावणारं, हक्काचं एक तरी माणूस होतं. आई नसेल तर आजी, मावशी, नाहीतर शाळेतल्या बाई. शिवाय अनेकांवर घरातली काही जबाबदारीही होती.

म्हणून आम्ही सांगतो, पोर झोपेत असताना गुपचूप निघू नका. जाग आल्यावर आई दिसली नाही की त्याचा भरवसाच तुटतो. जवळ घेऊन सांगा, कुठं चाललो, कधी येणार. फोनची वेळ ठरवा आणि ती पाळा.

आजीनं म्हणावं, "आईची आठवण येते ना? मलाही येते." एवढ्यानंही पोराचं मन हलकं होतं.

त्याला झेपेल असं एखादं काम त्याचं म्हणून द्या. कोंबड्यांना दाणे टाकणं, तुळशीला पाणी घालणं. पण दहा वर्षांच्या पोरीवर सगळा स्वयंपाक आणि धाकटी भावंडं टाकली, तर ते बळ नव्हे, ओझं झालं.

गणितात नापास झालं तर आधी विचारा, "कुठं अडलं?" मार नंतरही देऊ नका.

पोर दोन आठवडे नीट जेवत-झोपत नसेल, कुणाशी बोलत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. मरणाची भाषा बोललं तर एक दिवसही थांबू नका. टेली-मानसचा नंबर १४४१६ आहे आणि मुलांसाठीची मदत १०९८ वर मिळते. दोन्ही फोन फुकट आहेत.

आता बचत गटाच्या येत्या बैठकीत एवढं करा. गावात मागं राहिलेल्या पोरांची यादी काढा आणि प्रत्येक नावापुढं गटातल्या एकीचं नाव लिहा. तिनं आठवड्यातून दोनदा त्या घरी जायचं, पोराजवळ बसायचं, आजीचीही विचारपूस करायची. आजी थकली तर पोरानं कुणाकडं बघायचं?