संगणकाची रोजनिशी व तिची जपणूक

रुग्णालयातील केसपेपर, प्रयोगशाळेचे अहवाल व देयके ज्या सर्व्हरवर राहतात, तो युनिक्स घराण्यातील असल्यास आपल्या कामाची रोजनिशी स्वतःच लिहीत असतो. कोण केव्हा आत आले, कोणाचा सांकेतिक शब्द चुकला, कोणती सेवा बंद पडली, हे सारे तीत उतरते. या नोंदवह्यांस ‘लॉग’ म्हणतात. त्या आवरल्या नाहीत तर डिस्क भरते आणि नाव-नोंदणीची खिडकी ऐन गर्दीत ठप्प होऊ शकते. सरसकट पुसल्या तर रुग्णाच्या माहितीपर्यंत कोण पोहोचले, याचा मागच उरत नाही.

लिनक्सवर हे काम ‘लॉगरोटेट’ ही आज्ञावली करते. ठरल्या वेळी ती चालू वहीचे नाव बदलते, नवी वही उघडते, जुनी दाबून लहान करते व मुदत संपलेली काढून टाकते. मेख एवढीच की, नाव बदलले तरी लिहिणारी सेवा जुन्याच वहीत लिहीत राहते. वही बदलल्याचा संकेत तिला न दिल्यास नवी वही कोरीच राहते.

मूळ मांडणीत बहुधा दर आठवड्यास एक, अशा चारच जुन्या वह्या ठेवल्या जातात. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत मात्र १८० दिवसांच्या नोंदी, त्याही भारतातच, राखण्यास सांगितले आहे. म्हणून चाराच्या जागी २६ हा आकडा घालावा. १८२ दिवस भरतात. त्यांची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर असावी, कारण सर्व्हरमध्ये शिरलेला चोर आपल्या पाऊलखुणा तेथेच पुसू पाहतो.