वंश नव्हे, ईसीजी बघा
चाकणच्या कारखान्यांत मराठवाड्यापासून बिहार-ओडिशापर्यंतचे कामगार आहेत. कुणी गोळ्या प्रमाणाबाहेर घेतल्या, तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका वंशावरून ठरतो का? या शंकेत काही तथ्य आहे: नैराश्यावरच्या सिटालोप्रामचा निचरा करणाऱ्या सीवायपी2सी19 या विकराचा मंद प्रकार दक्षिण आशियाई लोकांत युरोपीयांपेक्षा जास्त आढळतो, त्यामुळे औषध रक्तात रेंगाळते. पण तो सगळ्यांत नसतो. सख्ख्या भावंडांतही फरक पडतो. शिवाय रुग्ण किती उशिरा पोचला, पोटॅशियम किती घसरले, हे वंश सांगत नाही. हृदयावर परिणाम होतोय का, ते ईसीजी सांगतो. नैराश्यावरच्याच अमिट्रिप्टिलिन या औषधाच्या विषबाधेत ईसीजीच्या आलेखातला क्यूआरएस हा भाग 100 मिलिसेकंदांपुढे रुंदावला, की धोका वाढतो. मग शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात. म्हणून गाव विचारण्याआधी ईसीजी काढावा, पुन्हा पुन्हा काढावा. माणूस शुद्धीत दिसला तरी थांबू नका. 108 ला फोन करा, पिंपरीच्या वायसीएमसारखे रुग्णालय गाठा आणि गोळ्यांचे रिकामे पाकीट सोबत न्या.