शेतकऱ्याचा मुलगा आणि भूगोलाची पदवी

विद्यापीठांत भूगोल शिकणें म्हणजे नद्यांचीं व राजधान्यांचीं नांवें घोकणें, असा आमच्या पुष्कळ शेतकरी बंधूंचा समज आहे. मुलानें हा विषय घेऊं म्हटलें कीं, त्याचा शेतीला उपयोग काय, असा प्रश्न घरांत निघतो. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर आम्ही ब्रिटनमधील एका उदाहरणानें देतों.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील भूगोलाचे अध्यापक डडले स्टँप यांनीं 1930 सालीं तेथील जमिनीच्या उपयोगाची पाहणी हातीं घेतली. हे गृहस्थ पूर्वीं रंगून विद्यापीठांत शिकवीत असत. या कामीं त्यांनीं मुख्यतः शाळांतील व विद्यापीठांतील विद्यार्थ्यांनाच बांधावर पाठविलें. मैलाला सहा इंच या प्रमाणाचा नकाशा हातीं घ्यावयाचा आणि प्रत्येक शेतावर ठराविक अक्षर लिहावयाचें: नांगरटीची जमीन, कायमचें कुरण, वन, माळ, बाग किंवा शेतीला मुकलेली जमीन. पुढें हीच माहिती रंगीत नकाशांत छापली. नांगरट तपकिरी, कुरण फिकें हिरवें, शेतीला मुकलेली जमीन तांबडी.

1939 सालीं महायुद्ध सुरू झालें व परदेशचें धान्य येणें कठीण झालें. कोणतीं कुरणें नांगरावीं हें ठरवितांना हे नकाशे कामास आले. शहरें उत्तम जमिनीवरच पसरत आहेत, हेंहि उघड झालें. कारण सपाट व निचऱ्याची जमीन नांगराला तशीच घरबांधणीलाहि सोईची. स्टँप ज्या स्कॉट समितीचे उपाध्यक्ष होते, तिनें 1942 च्या अहवालांत चांगली शेतजमीन राखावी असा आग्रह धरला.

आपल्याकडेहि शहरालगतची काळी जमीन बिनशेती होत आहे. सातबाऱ्यावरून एका खातेदाराचें क्षेत्र कळतें. परंतु सबंध तालुक्यांत कसदार माती कोठें आहे, पाणी कोणत्या ओढ्यानें वाहतें आणि गांव वाढावयाचें तर खडकाळ माळाकडे कसें वाढेल, हें दाखविणारा जाणता माणूस हवा. तो आपल्याच घरांतला असल्यास अधिक बरें.

म्हणून आमचें सुचविणें इतकेंच कीं, मुलाचें नांव घालण्यापूर्वीं त्या कॉलेजांत प्रत्यक्ष शिवारांत जाऊन पाहणी करणें व नकाशा काढणें शिकवितात कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. शिकवीत असल्यास खर्चास कचरूं नये. आणि पहिल्याच उन्हाळी सुटींत त्याच्याकडून आपल्या गांवचा असा नकाशा करून घ्यावा.