अली मोठा की लुईस? आधी हिशेब पुरा मांडा

भरातला माईक टायसन भरातल्या महंमद अलीसमोर किती फेऱ्या टिकला असता? जो लुईसचा ठोसा जड की रॉकी मार्सियानोचा? गोंदियातल्या चहाच्या टपरीवर पोरांचा हा वाद आम्ही पुष्कळदा ऐकला आहे, आणि वयाला शोभत नसले तरी त्यात तोंडही घातले आहे. घरातल्या आयाबहिणी म्हणतात, एकमेकांची नाके फोडणाऱ्यांची कसली आली तुलना! पण वाचकहो, हा वाद वाईट नाही. फक्त तो घालताना हिशेब पुरा मांडावा, एवढेच आमचे म्हणणे. आमची हयात खतावणीत रकमा उतरवण्यात गेली. नुसती जमेची बाजू पाहून कोणी ताळेबंद काढत नाही.

या वादाचा निकाल लावायला एकदा चक्क कॉम्प्युटर बसवला होता. १९६७ साली अमेरिकेत मायामीच्या मरे वोरोनर नावाच्या रेडिओ निर्मात्याने जुने-नवे सोळा नामांकित हेवीवेट निवडले. कोणाचा वेग किती, कोण किती मार सोसतो, ही माहिती आकड्यांत घालून एनसीआर ३१५ या यंत्राकडून त्यांच्या लढती काढून घेतल्या आणि खरी लढत चालल्यासारखे त्यांचे धावते वर्णन रेडिओवर ऐकवले. अंतिम लढतीत मार्सियानोने जॅक डेम्प्सीला हरवले. अली त्याआधीच बाद झाला होता. त्याला हरवणारा होता जिम जेफ्रीज.

हा जेफ्रीज कोण? १८९९ ते १९०५ या काळातला गोरा जगज्जेता. जॅक जॉन्सन हा काळा मुष्टियोद्धा त्याला आव्हान देत राहिला, पण काळ्या माणसाशी जगज्जेतेपदासाठी लढायचे नाही, हा जेफ्रीजचा नेम होता. तो अजिंक्य म्हणून निवृत्त झाला. पुढे जगज्जेता झालेल्या टॉमी बर्न्सच्या मागे जॉन्सनला पार ऑस्ट्रेलियापर्यंत जावे लागले. २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत चौदाव्या फेरीत पोलिसांनी लढत थांबवली, तोवर बर्न्सची दशा झाली होती. जॉन्सन तेव्हा ३० वर्षांचा होता. मग गोऱ्यांची लाज राखायला जेफ्रीजला शेतावरून उठवून आणले. ४ जुलै १९१० रोजी रेनो शहरात जॉन्सनने त्याला पंधराव्या फेरीत लोळवले. ती बातमी पसरताच अमेरिकेतल्या अनेक शहरांत काळ्या लोकांवर हल्ले झाले, माणसे मेली.

अशा जेफ्रीजला यंत्राने अलीच्या वर बसवले. यंत्र खोटे बोलत नाही म्हणतात. खरे आहे, त्याच्या पोटात जे घालाल तेच ते बोलते. अलीने दहा लाख डॉलरचा बदनामीचा दावा ठोकला. तडजोड अशी झाली की अली आणि मार्सियानो यांनी कॅमेऱ्यासमोर लुटुपुटीची लढत खेळायची. १९६९ साली बंद दाराआड चित्रण झाले. निवृत्त मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवले, डोक्यावर टोप चढवला. पडद्यावर येण्याआधीच, ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, तो विमान अपघातात गेला. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेत दाखवलेल्या चित्रपटात तेराव्या फेरीत अली आडवा होतो. युरोपात दाखवलेल्या चित्रपटात अली जिंकतो! गिऱ्हाईक पाहून निकाल.

आता नावेची बाजू. जॉन्सनने १९१५ साली हवानात जेस विलार्डसमोर जगज्जेतेपद गमावले, वय ३७. त्यानंतर २२ वर्षे एकाही काळ्या हेवीवेटला जगज्जेतेपदाची लढत मिळाली नाही. सॅम लँगफर्ड नावाचा माणूस, ज्याच्याशी लढायला भले भले कचरत, त्याला ती जन्मात मिळाली नाही. (जगज्जेता झाल्यावर खुद्द जॉन्सननेही त्याला संधी दिली नाही, हेही इथे नोंदवले पाहिजे.) हॅरी विल्स डेम्प्सीची वाट पाहत म्हातारा झाला. डेम्प्सीच्या नावावर १९१९ ते १९२६ अशी सात वर्षे जमा आहेत. विल्सशी न झालेली लढत कोणत्याच वहीत नाही. आपल्या मुलांना कचेरीत, कॉलेजात ‘गुणवत्ता’ हा शब्द ऐकवला जातो, तेव्हा आम्हाला ही वही आठवते.

१९३७ साली जो लुईसने हे दार उघडले आणि मग जवळजवळ बारा वर्षे ते कोणाला ओलांडू दिले नाही. जगज्जेतेपद त्याने २५ वेळा राखले. जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग याने १९३६ साली त्याला हरवले होते. २२ जून १९३८ रोजी लुईसने त्याची परतफेड १२४ सेकंदांत केली. भरातला लुईस पाहायचा तर ते १२४ सेकंद पाहावेत. हात फार लांब न नेता मारलेले, एकामागून एक जाणारे आखूड ठोसे. लुईसची अखेर मात्र कराच्या थकबाकीत गेली. त्यापायी निवृत्तीनंतर पुन्हा उतरावे लागले आणि १९५१ साली, ३७ व्या वर्षी, मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर टाकले. मार्सियानोच्या ४९ पैकी ४९ विजयांत हा एक असा धरला आहे.

आणि अली? पोरे मोबाईलवर पाहतात तो बहुधा १९७४ चा, किन्शासात जॉर्ज फोरमनला झोपवणारा अली. तो ३२ वर्षांचा होता, दोरांना टेकून मार खात खात जिंकला. भरातला अली त्याआधीचा. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सला त्याने तिसऱ्या फेरीत संपवले, ती लढत पाहा. एवढा थोराड माणूस पायांवर कसा नाचतो ते कळेल. पुढच्याच वर्षी व्हिएतनामच्या युद्धासाठी लष्करात जायला त्याने नकार दिला. जगज्जेतेपद काढले, परवाने गेले, पाच वर्षांची शिक्षा झाली. मार्च १९६७ नंतरची पुढची लढत थेट ऑक्टोबर १९७० मध्ये. पंचविसाव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंतची ही वर्षे. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पायांतला वेग कोणते न्यायालय परत देणार?

तरीही पोरे विचारतात, साहेब, तुमचा निकाल सांगा. सांगतो. १९३८ चा लुईस आणि १९६६ चा अली समोरासमोर आले, तर आम्ही अलीच्या बाजूने, पण गुणांवर. लुईसला सरकत्या माणसाचा त्रास होई. १९४१ साली कितीतरी हलक्या वजनाच्या बिली कॉनने त्याला बारा फेऱ्या दमवले होते. तेराव्यात कॉन हावरेपणाने अंगावर आला आणि पडला. अली कॉनसारखाच सरकणारा, वर उंच आणि वजनदार. पण अलीची खोडही लुईसला सापडली असती. तो हात खाली सोडी. हेन्री कूपरच्या आणि जो फ्रेझरच्या डाव्या हुकने तो जमिनीवर आला होता, आणि लुईसचा डावा हात त्या दोघांहून जलद होता. म्हणून पंधरा फेऱ्या आम्ही खुर्चीच्या काठावर बसूनच पाहिल्या असत्या.

गोंदियाहून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस कराडला थांबते. तिथून जवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीतले. पण हिशेब तोच. १९४८ साली लंडनला ते पहिल्यांदा मॅटवर उतरले, सारा सराव मातीतला, तरी सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून पैसे उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक ऑलिंपिक पदक पुन्हा मिळायला १९९६ उजाडले. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर. खाशाबांची कोणाशीही तुलना करताना मॅटचा हा रकाना कोरा सोडता येणार नाही.

त्याच गाडीच्या वाटेवर, अलीकडे, नागपूर लागते. तिथली अल्फिया पठाण एप्रिल २०२१ मध्ये पोलंडमधल्या किल्त्से शहरात ८१ किलोंवरील गटात युवा जगज्जेती झाली. जुलै २०२२ मध्ये कझाकस्तानातल्या एलोर्डा चषकात तिच्यासमोर आली त्याच देशाची लज्जत कुंगेइबायेवा, २०१६ ची जगज्जेती. दोन काळांच्या दोन विजेत्या, यंत्राशिवाय, एकाच रिंगणात. पंचांनी अल्फियाला ५-० असा कौल दिला.